परगावच्या रुग्णाच्या सोबतीला जाताना

मुंबईत परळला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर पहाटे गेल्यास टाटा स्मारक रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर रात्रीची अंथरुणे गुंडाळणारी, बाटलीतल्या पाण्याने तोंड धुणारी आणि कागदपत्रांची जाड फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रांगेकडे निघालेली माणसे दिसतात. १९४१ साली सुरू झालेल्या या कर्करोग रुग्णालयात बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, आसाम अशा दूरच्या राज्यांतून रुग्ण येतात, तसेच आपल्या मराठवाड्यातून, विदर्भातून आणि कोकणातूनही येतात. तपासणीपुरते चार दिवस राहू असे ठरवून निघालेले कुटुंब केमोथेरपी आणि रेडिएशन सुरू झाल्यावर कित्येक महिने शहरात अडकून पडते. गाठीचे पैसे पुष्कळदा औषधांच्या आधी खोलीच्या भाड्यात आणि जेवणात संपतात. या माणसांना मुंबईत कोणी ओळखत नाही, आणि त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर दर रविवारी आपल्या उपासना चालू असतात.

या अनोळखी माणसांच्या उपयोगी पडावे असे मनापासून वाटते, पण सुरुवात कोठून करावी हे उमगत नाही, अशा ख्रिस्ती मंडळीतील (चर्चमधील) पाच-सात जणांच्या गटासाठी हे लिहीत आहे. उदाहरणे परळची आहेत, कारण माझी ओळख त्या भागाची आहे. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली जेथे मिशन रुग्णालय उभारले आणि जेथे आजही कर्नाटकातून व कोकणातून रुग्ण येतात त्या मिरजेत, किंवा पुण्या-नागपुरातील मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या दारात, परिस्थिती फारशी वेगळी नाही.

आधी दाखला पुन्हा वाचावा

पहिल्या बैठकीत कामाची वाटणी करू नये. लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडून चांगल्या शोमरोन्याचा, म्हणजे लुटारूंनी मारून वाटेत टाकलेल्या माणसाला मदत करणाऱ्या शोमरोनी प्रवाशाचा, दाखला सावकाश वाचावा आणि त्या माणसाने नेमके काय काय केले, एवढेच पाहावे. तो जवळ गेला. त्याच्यापाशी जे होते, म्हणजे तेल आणि द्राक्षारस, ते त्याने जखमांवर ओतले. जखमी माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत आणले आणि ती रात्र त्याची देखभाल केली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार देऊन तो आपल्या वाटेने गेला. मात्र जाताना, अधिक खर्च झाला तर परत येताना फेडीन, असे सांगून गेला. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी होय, हे मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून कळते. दोन दिवसांची मजुरी ही मोठी देणगी नव्हे, पण क्षुल्लकही नव्हे.

या वाचनातून आमच्या गटाला तीन गोष्टी उमगल्या आणि पुढचे सारे काम त्यांवर उभे राहिले. शोमरोन्याने आपला प्रवास सोडला नाही; म्हणून सेवेसाठी नोकरी-संसार सोडण्याची गरज नाही आणि न सोडल्याबद्दल अपराधीही वाटून घेऊ नये. ज्याचा व्यवसायच माणसांना ठेवून घेण्याचा होता, अशा माणसाच्या हाती त्याने जखमीला सोपवले. म्हणून जे काम धर्मशाळा, डॉक्टर किंवा वैद्यकीय समाजसेवक आपल्यापेक्षा चांगले करतात, ते त्यांच्याकडेच सोपवावे. आणि तो परत येणार होता. दाखल्याच्या प्रवचनांत या तिसऱ्या गोष्टीकडे फारसे लक्ष दिले जात नाही, याचे मला वाईट वाटते. रस्त्यात पडलेल्याला उचलणे एका क्षणाच्या उमाळ्यातही घडू शकते. परत येण्यासाठी मात्र त्या माणसाला मनात वागवत पुढचा सगळा प्रवास करावा लागतो. परक्या शहरात आजारी पडलेल्या माणसाला एकदाच भेटून जाणारे पुष्कळ असतात, त्यांनी दिलेले बिस्किटांचे पुडे उशाशी साठतात, आणि आठवड्याने पुन्हा येणारा माणूस सहसा कोणीच नसतो.

त्या जखमी माणसाला पाहून शोमरोन्याला काय वाटले, ते सांगताना आपल्या मराठी बायबलमध्ये ‘कळवळा’ हा शब्द आहे. मूळ ग्रीक क्रियापद पोटातील आतड्यांच्या नावावरून आलेले आहे. आतडे तुटणे, पोटात कालवणे हे आपण रोज बोलतो, त्यामुळे मराठी वाचकाला हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. परंतु कळवळा येणे आपल्या हातात नसते, आणि दर शनिवारी तो तितक्याच तीव्रतेने येईल असेही नसते. ज्या दिवशी मन कोरडे असते, त्या दिवशीही ठरल्या वेळी रुग्णालयाच्या दारात पोहोचणे ही कळवळ्याशी राखलेली निष्ठाच आहे, हे गटातील प्रत्येकाने आधीच समजून घेतलेले बरे.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. रस्त्यावरील अपघातात सापडलेल्या माणसाला मदत करणाऱ्यांना पोलिसांच्या चौकशीची भीती वाटते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या १३४ अ या कलमाने अशा मदतनिसाला संरक्षण दिले असून त्याचे नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. कायद्यात या मदतनिसाला ‘गुड समॅरिटन’ म्हटले आहे, म्हणजे याच शोमरोन्याचे नाव. उपासनेनंतरच्या सूचनांत ही माहिती एकदा अवश्य सांगावी.

गट लहान असावा

येशूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवले, असे मार्कच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि हा नियम आजही तसाच उपयोगी आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेदेरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासदही गरजूंच्या घरी जोडीने जातात. आपल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) ही सोसायटी असेल, तर वेगळा गट न काढता तिच्याशीच जोडून घ्यावे. जोडीतील एक जण बोलतो तेव्हा दुसरा पाहू शकतो. एकाच्या हातून शब्द चुकला तर दुसरा सावरतो. आणि पैशाचा व्यवहार झाला तर साक्षीला माणूस असतो. जोडीत शक्यतो एक स्त्री असावी, कारण आजारी बाईची किंवा लहान मुलाच्या आईची अडचण परक्या पुरुषाला सांगितली जात नाही. लहान मुलाजवळ गटातील कोणीही एकट्याने थांबू नये, मग तो माणूस कितीही विश्वासातला असो.

एका जोडीने एका वेळी तीनपेक्षा अधिक कुटुंबे हाती घेऊ नयेत. सुरुवातीच्या उत्साहात हा आकडा फार लहान वाटतो. पण तीन कुटुंबे म्हणजे तीन आजार, तीन फायली, गावाकडचे निदान सहा दूरध्वनी आणि कधीतरी मध्यरात्री येणारा एक फोन, हे महिन्याभरात कळते. वीस कुटुंबांना एकेकदा भेटण्यापेक्षा तीन कुटुंबांना शेवटपर्यंत सांभाळावे, असे माझे ठाम मत आहे.

काम सुरू करण्यापूर्वी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन तेथील वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे, आपण कोण, किती जण आणि आठवड्यातून किती वेळ देऊ शकतो हे सांगावे आणि गरज कशाची आहे हे त्यांनाच विचारावे. परवानगीशिवाय वॉर्डात जाऊ नये. बहुतेक वेळा उत्तर आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळे असते. आपण फळे वाटण्याच्या विचाराने गेलेलो असतो आणि त्यांना बंगाली बोलणारा माणूस, एका म्हातारीला धर्मशाळेपर्यंत पोहोचवणारा सोबती किंवा प्लेटलेट (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) देणारे दाते हवे असतात.

पहिल्या भेटीत काय बोलावे

पदपथावर बसलेल्या माणसाशी उभ्याने बोलू नये, खाली बसावे. आपले नाव आधी सांगावे आणि मग त्यांचे विचारावे. ‘काय झाले आहे?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत टाळावा, कारण पुष्कळदा रुग्णाला त्याच्या आजाराचे नाव घरच्यांनी सांगितलेले नसते आणि आपल्या एका प्रश्नाने ती सारी काळजी वाया जाते. गाव कोणते, सोबत कोण आहे, कुठे उतरला आहात, जेवण झाले का, एवढे पुरे. जात, धर्म, उत्पन्न, किती पैसे उरले आहेत, हे विचारू नये. पैशाची गोष्ट निघायचीच असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत ती त्यांच्याच तोंडून निघते.

‘सगळे ठीक होईल’ असे सांगण्याचा मोह फार होतो. तसे सांगू नये, कारण ते आपल्याला ठाऊक नसते, आणि आपल्याला ते ठाऊक नाही हे समोरच्यालाही कळते. ओळखीतल्या कोणाला अमुक काढ्याने गुण आला, हेही सांगू नये. विश्वास ठेवलात तर बरे व्हाल, असे म्हणणे तर क्रूरपणाचे आहे. आजार बळावला की त्या माणसाला आपलाच विश्वास कमी पडला असे वाटू लागते. बोलण्यासारखे काही नसेल तर शेजारी बसून राहावे. बायबलमधल्या संकटांनी खचलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर काहीही न बोलता बसले होते, आणि त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेच होते.

निघताना पुढच्या भेटीचा वार सांगावा. येऊ शकत असू तरच सांगावा. ‘काही लागले तर फोन करा’ हे वाक्य देऊन निघू नये. संकोची माणूस कधीही फोन करत नाही. त्याऐवजी ‘शनिवारी चार वाजता याच झाडाखाली येतो’ असे सांगावे आणि पावसातही यावे.

अन्न

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्याला खायला देणे आणि परक्याला घरात घेणे एकाच वाक्यात आले आहे. अन्न देताना त्या माणसाला परकेपणा अधिक जाणवला, तर त्यातले अर्धेच आपल्या हातून घडले. म्हणून शक्य तेथे तयार जेवणाची पाकिटे देण्यापेक्षा शिधा आणि रांधण्याची सोय द्यावी. बंगालमधून आलेल्या बाईला आपल्या नवऱ्यासाठी तिच्या हातचा मऊ भात करायचा असतो. बिहारच्या माणसाला सत्तू मिळाले तरी हायसे वाटते. लातूरकडच्या आजीला ज्वारीची भाकरी हवी असते. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा वर्षानुवर्षे परगावच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना आसरा देत आली आहे. जेथे अशी राहण्याची सोय मिळते तेथे तांदूळ, डाळ, पीठ, तेल, मीठ नेऊन देता येते. पदपथावर राहणाऱ्यांसाठी जवळपास राहणाऱ्या मंडळीतील एखाद्या कुटुंबाने आठवड्यातून दोन दिवस आपले स्वयंपाकघर खुले करावे. आमच्याकडे हे सुचवले तेव्हा बरीच शांतता पसरली होती. नंतर एका विधवा बाईंनी होकार दिला, आणि पुढे त्यांच्याच घरी चार प्रांतांच्या बायकांनी एका ओट्यावर स्वयंपाक केला.

या बाबतीत मोशेच्या नियमशास्त्राने फार सूक्ष्म विचार केलेला आहे. पीक कापताना शेताच्या कडेकोपऱ्यांपर्यंत कापू नये, विसरलेली पेंढी परत आणायला जाऊ नये, ते परक्यासाठी, अनाथासाठी आणि विधवेसाठी राहू द्यावे, असे बायबलमधील लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत सांगितले आहे. तेथे गरिबाच्या ओंजळीत कोणी धान्य घालत नाही. तो स्वतः शेतात येऊन वेचतो. मवाब देशातली परकी विधवा रूथ बैथलहेमात सरवा वेचायला आली, तेव्हा शेताचा मालक बवाज याने आपल्या गड्यांना पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे गाळायला सांगितली आणि तिला धमकावू नका असेही बजावले. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये म्हणून देणाऱ्याने किती विचार करावा, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

रुग्णाच्या आहाराबाबत मात्र आपल्या मनाने काहीही करू नये. केमोथेरपी चालू असताना रोगप्रतिकारशक्ती घटलेली असते, म्हणून कापून ठेवलेली फळे, कच्ची कोशिंबीर, उघड्यावरचा रस असे पदार्थ नेऊ नयेत. अन्न ताजे शिजवलेले आणि गरम असावे. तोंड आलेल्या रुग्णाला तिखट सोसत नाही. तोंडाच्या कर्करोगाचे पुष्कळ रुग्ण नाकातून घातलेल्या नळीने पातळ अन्न घेतात, आणि त्यांच्यासमोर बसून आपण खाऊ नये. डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी काय सांगितले आहे, हे नातेवाइकाला विचारून त्याप्रमाणेच आणावे. स्वतःला सर्दी-खोकला किंवा ताप असेल तर त्या आठवड्यात आपल्याऐवजी दुसऱ्याला पाठवावे.

कागद आणि पैसा

याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात उघड्या-उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो’ असे नुसते म्हणणाऱ्याची हजेरी घेतली आहे. आजच्या काळात त्या उघड्या-उपाशी माणसाला पुष्कळदा एका अर्जावर सही-शिक्का हवा असतो. तो मिळवून देण्यासाठी तीन खिडक्यांवर उभे राहणे ही मला प्रार्थनेइतकीच पवित्र गोष्ट वाटते.

गटातील निदान एकाने या विषयाची माहिती करून घ्यावी. महाराष्ट्रातील कुटुंबांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे; योजनेत असलेल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो आणि शिधापत्रिका, ओळखपत्र व तपासणीचे कागद घेऊन आधी त्यालाच भेटावे लागते. परराज्यातील कुटुंबाकडे आयुष्मान भारतचे कार्ड असेल, तर त्या रुग्णालयात ते चालते का, हे उपचार सुरू होण्यापूर्वी विचारावे; उपचार उरकल्यानंतर विचारून उपयोग नसतो. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, ही गोष्ट परगावच्या माणसाला सहसा माहीत नसते. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते, म्हणून चालू आकडा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातूनच घ्यावा.

रेल्वेची सवलतही अशीच वाया जाते. उपचारासाठी किंवा फेरतपासणीसाठी प्रवास करणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसी वर्गात भाडे पूर्ण माफ आहे, आणि सोबतच्या एका माणसाला त्याच वर्गांत ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाने ठरलेल्या नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र तिकीट काढताना दाखवावे लागते. घरी जाण्याच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा डिस्चार्जची चाहूल लागताच हे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

पैसे देण्याबाबत गटाने आधीच दोन नियम ठरवावेत. औषधाचे बिल दुकानात थेट भरावे. मात्र एखादी लहान रक्कम हातातही द्यावी, कारण नवऱ्यासाठी चहा घ्यायला दहा रुपये मागावे लागणे ही प्रत्येक वेळची शरम असते. दर महिन्याला गट किती देऊ शकतो हे ठरवून एका वहीत दोघांच्या सह्यांनी प्रत्येक खर्च लिहावा आणि मंडळीच्या कोषाध्यक्षांना दाखवावा. नावे मात्र त्या वहीत न लिहिता क्रमांक लिहावेत. जे देऊ शकत नाही त्याचे आश्वासन देऊ नये. शस्त्रक्रियेचा सारा खर्च उचलू असे भावनेच्या भरात बोलून नंतर तोंड चुकवणाऱ्या गटाने एका कुटुंबाला किती खोल दुखावले, हे मी जवळून पाहिले आहे.

रक्त

परक्या शहरात नातेवाइकाला सर्वांत असहाय करणारे वाक्य म्हणजे ‘दाता घेऊन या’. गावी शंभर माणसे असतात, येथे एकही नसतो. केमोथेरपीमुळे प्लेटलेट घसरतात आणि काढून ठेवलेल्या प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही. ऐन वेळी जिवंत माणूसच लागतो. मंडळीने येथे जे करता येते ते दुसऱ्या कोणाला इतक्या सहज करता येणार नाही, कारण आपल्याकडे दर आठवड्याला एका जागी जमणारी, एकमेकांना ओळखणारी माणसे आहेत. १८ ते ६५ वर्षे वयाच्या, ४५ किलोपेक्षा अधिक वजनाच्या निरोगी सभासदांची रक्तगटानुसार यादी करावी. पुरुषाला दोन रक्तदानांत ९० दिवसांचे आणि स्त्रीला १२० दिवसांचे अंतर ठेवावे लागते, म्हणून यादीत प्रत्येकाची शेवटची तारीख लिहावी आणि एकाच उत्साही तरुणावर भार टाकू नये. प्लेटलेटदानाला एक-दोन तास लागतात, शिरा चांगल्या असाव्या लागतात, आणि दाता योग्य आहे की नाही हे रक्तपेढीच ठरवते. रक्त विकणे आणि विकत आणणे बेकायदा आहे. रुग्णालयाबाहेर ‘दाता देतो’ म्हणून पैसे मागणारा कोणी भेटला तर कुटुंबाला सावध करावे आणि समाजसेवा विभागाला कळवावे.

श्रद्धा, प्रार्थना आणि छायाचित्र

ज्यांच्याकडे आपण जातो त्यांतील बहुतेक हिंदू किंवा मुसलमान असतात. त्यांनी आपला धर्म विचारला तर सरळ सांगावे. लपवू नये आणि मिरवूही नये. उशाशी पत्रके ठेवणे, मदतीसोबत उपासनेचे आमंत्रण देणे, बरे झाल्यावर साक्ष द्यायला या असे सुचवणे, यांतले काहीही करू नये. मरणाच्या भीतीने ग्रासलेल्या आणि आपल्या उपकाराखाली असलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक नसते, आणि जेथे ती नाही तेथे मिळालेल्या होकाराला अर्थ नाही. शोमरोन्याने जखमी माणसाला त्याचे मंदिर कोणते, हे विचारले नाही. यहूदी आणि शोमरोनी यांच्यात तर याच प्रश्नावरून वैर होते. कोणी स्वतःहून प्रार्थना करायला सांगितली तर हळू आवाजात, थोडक्यात, त्यांचे नाव घेऊन करावी. त्यांना नमाजासाठी स्वच्छ जागा किंवा देवासमोर लावायला उदबत्ती हवी असेल, तर ती शोधून द्यावी.

छायाचित्रे काढू नयेत. सुरुवातीला मी स्वतः चादरी देताना एक छायाचित्र काढले होते, मंडळीच्या वार्षिक अहवालासाठी. केस गेलेल्या त्या बाईने काही न बोलता पदर पुढे ओढला. डाव्या हाताला उजव्याचे कळू नये, हे डोंगरावरील प्रवचनातील वचन मी लहानपणापासून पाठ म्हणत आलो होतो, आणि त्याचा अर्थ मला त्या पदराने शिकवला. अहवालात आता फक्त आकडे जातात.

घेणाऱ्याच्या हातांना काम असावे

पंडिता रमाबाईंचे आईवडील तीर्थयात्रेच्या भटकंतीत दुष्काळात वारले. भूक आणि परकेपण रमाबाईंनी स्वतः भोगलेले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो मुली व स्त्रिया घेऊन आल्या, आणि त्यांच्यासाठी दौंड तालुक्यातील केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तेथे त्यांना नुसते जेवू घालण्यात आले नाही. विहिरी खणल्या, शेती केली, शाळा चालवली, छापखाना घातला, आणि रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराच्या छपाईत त्याच स्त्रियांचे हात होते. दुष्काळातून उचलून आणलेल्या बाईकडे ‘हिला काय येते, हिला काय शिकता येईल’ या नजरेने पाहणे, ही रमाबाईंची करुणा होती.

रुग्णाच्या नातेवाइकाकडेही याच नजरेने पाहावे. तो गावी शिंपी असतो, गवंडी असतो, शिक्षक असतो; येथे महिनोन्‌महिने फक्त रांगेत उभा राहतो. चार महिने परळला काढलेल्या माणसाला कोणती खिडकी कधी उघडते, स्वस्त आणि स्वच्छ जेवण कोठे मिळते, हे आपल्यापेक्षा चांगले कळते. नव्याने आलेल्या कुटुंबाला त्याच्याशी गाठ घालून द्यावी, त्याच्या भाषेतले कुटुंब असेल तर दुभाष्याचे काम त्याला सोपवावे. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात परक्यावर प्रीती करण्याचे कारण असे दिले आहे की, मिसर देशात तुम्हीही परके होता. काल परका असलेला माणूस आज आलेल्या परक्याला ज्या रीतीने समजून घेतो, ती रीत आपल्याला येत नाही.

मृत्यू आला तर

या कामात मृत्यू पाहावा लागतो. तो परक्या शहरात आला की शोक करायलाही उसंत मिळत नाही. कागद, पैसे आणि शववाहिका यांचे प्रश्न लगेच उभे राहतात. अशा वेळी जोडीतील एकाने कुटुंबाजवळ बसावे आणि दुसऱ्याने खिडक्यांवर जावे. रुग्णालयाचे मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र घ्यावे, त्यावरील नाव आणि वय आधार कार्डाशी ताडून पाहावे, कारण तेथली एक चूक गावी गेल्यावर वारसाच्या कामात वर्षभर छळते. मृतदेह गावी न्यायचा की येथेच अंत्यविधी करायचा, हे कुटुंबाने ठरवावे. खर्चाची अडचण असली तरी आपण घाई करू नये. येथेच करायचे ठरले तर त्यांच्या धर्माप्रमाणे स्मशानात किंवा कब्रस्तानात सोबत जावे, खांदा द्यायला माणसे कमी असतील तर खांदा द्यावा, आणि शेवटपर्यंत थांबावे. गावी परतणाऱ्या एकट्या बाईला गाडीत बसवून देताना तिच्या डब्यात त्याच दिशेचे एखादे कुटुंब शोधून ओळख करून द्यावी.

त्या आठवड्यात त्या जोडीला दुसरे नवे कुटुंब देऊ नये. येशूही गर्दी सोडून एकांतात जात असे. बुधवारी किंवा गुरुवारी गटाने एकत्र बसून गेलेल्या माणसाचे नाव घेऊन प्रार्थना करावी, आणि कोणाला रडू आले तर त्याला थांबवू नये.

घरी गेल्यानंतर

बरे होऊन किंवा उपचाराचा एक टप्पा संपवून जाणाऱ्या कुटुंबाला निरोप देताना फाइलच्या सर्व कागदांची एक छायाप्रत वेगळ्या पिशवीत ठेवायला सांगावी, औषधांच्या वेळा त्यांच्या भाषेत मोठ्या अक्षरांत लिहून द्याव्यात आणि गावाजवळच्या डॉक्टरला दाखवायचा सारांश वरच राहील असे पाहावे. पुढच्या तपासणीची तारीख आपल्या वहीतही टिपावी. त्या तारखेच्या महिनाभर आधी फोन करून रेल्वेचे आरक्षण झाले का, सवलतीचे प्रमाणपत्र सापडते का, मुंबईत उतरायची सोय काय, हे विचारावे. आणि ज्या दिवशी गाडी यायची असेल त्या दिवशी, ती कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला पहाटे चारला लागणार असली तरी, दोघांपैकी एकाने फलाटावर जाऊन उभे राहावे.